मधली खोली रिकामी होती

हे लिहावं की नाही, असं बरेच दिवस मनात चाललं होतं. कारण असले अनुभव वाचून सगळ्यात जास्त दात काढणारा मीच! मी फौंड्रीत इन्स्पेक्शनला आहे. कास्टिंगला केसाएवढी क्रॅक असली तरी ती पकडायची, हीच माझी भाकरी. डोळ्यांना दिसतं ते आहे आणि दिसत नाही ते नाही, इतका साधा माझा कारभार. तरीही हे झालं... आणि भर दुपारी झालं.

आम्ही उचगावचे. घर वडिलांनी बांधलेलं, रस्त्यापासून मागे लांबलचक गेलेलं. वडील गेल्यावर वाटणी झाली. पुढचा भाग दादाचा, मागचा माझा, आणि मधली खोली आईची. मी बाजूच्या बोळातून ये-जा करतो. मधल्या खोलीला खिडकी नाही. तिचं एक दार दादाकडे उघडायचं, एक माझ्याकडे. आत आईची कॉट, ट्रंक आणि देवघर, बस्स. आई जेवायला एक महिना दादाकडे, एक महिना माझ्याकडे. अमावस्या झाली की दुसऱ्या दिवशी पाळी बदलायची. (अमावस्या म्हटल्यावर लगेच खूश होऊ नका, तिचा संबंध फक्त जेवणाशी आहे.)

तेव्हा दादा आणि मी बोलत नव्हतो. निरोप असला की आईमार्फत. "थोरल्याला सांग, मोटर बंद कर म्हणावं." "बारक्याला सांग, वाळू बोळात टाकू नगो म्हणावं." ती बिचारी दिवसभर या दारातून त्या दारात.

त्यात दोघांनीही एकाच वेळी बांधकाम काढलं. दादानं पुढे दुकानाचा गाळा, मी मागे किचन वाढवून वर खोल्या. गवंडी वेगळे, वाळूचे ढीग वेगळे. आम्ही बायका-पोरांसकट एका खोलीत कोंबलेलो, उशाला फ्रीज, पायाशी सिलिंडर. बाहेर सेंट्रिंगच्या टेकूंमधून वाकूनच चालायचं. दार उघडलं की धूळ, लावलं की जीव गुदमरायचा. सुनीता, माझी बायको, म्हणायची, "जेल बरा. तितं निदान येळंवर जेवाण तरी मिळतंय."

माझा जिना काही केल्या बसेना. शेवटी मारुती गवंडी म्हणाला, मधल्या खोलीचं दार बुजवलं तर त्या भिंतीला लागून बसतोय. मी म्हटलं, बुजव. दादाकडनं दार आहेच की! तिकडे दादाला दुकानाची कपाटं त्याच भिंतीला हवी होती. तोही म्हणाला, बुजवा, बारक्याकडनं दार आहेच की! आता हे आईला सांगायला हवं होतं. पण आईला सांगितलं की ते पलीकडे पोचणार, आणि पलीकडचा मुद्दाम मोडता घालणार. म्हणून दोघंही गप्प बसलो. हे अर्थात नंतर कळलं.

तो सोमवार होता, कारखान्याला सुट्टी. सकाळी दादानं त्याच्या बाजूनं दार बुजवून घेतलं. लाकडी दार आतून होतं तसंच ठेवलं आणि बाहेरून ब्लॉक लावले, त्यामुळे आतून बघणाऱ्याला काही कळायचं कारण नव्हतं. दुपारी माझ्या बाजूचं काम निघालं. माझी चौकट काढून ब्लॉक छातीपर्यंत आले, तेव्हा मी मारुतीला थांबवलं. त्या खोलीत लाईटचे पाईप कुठून गेलेत त्याचा फोटो हवा होता. आतली लाईट बांधकामासाठी तोडलेली, म्हणून मोबाईलची बॅटरी लावून मी अर्धा आत वाकलो. कॉट, तिच्यावर घडी घातलेली वाकळ, देवघरात दिवा चालू. चारही कोपरे बघितले. फोटो काढला आणि म्हटलं, "रिकामंच हाय. घे बंद करून."

दुपारी आई तिकडेच जेवली असेल असं धरून चाललेल्या सुनीतानं संध्याकाळी बोळातून वहिनीला हाक मारली. "ताई, आत्या आज तिकडंच जेवणार काय?"

"आमच्याकडं कुठल्या? आजपास्नं पाळी तुमची की!"

दादा तसाच बनियनवर बोळातून पळत आला. कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलला. "आई कुठं हाय रं?"

देऊळ बघितलं, तिच्या भजनातल्या बायकांकडे विचारलं, बिद्रीला मावशीला फोन लावला. कुठेच नाही. चपला मात्र दादाच्या उंबऱ्यात. मग दादा म्हणाला, "आरं, मधल्या खोलीत निजली आसंल. बघ की तुझ्या दारातनं."

"माझं दार बुजवलंय दुपारी. तू बघ तुझ्यातनं."

"माझंबी बुजवलंय," दादा म्हणाला.

आणि तेव्हाच भिंतीच्या आतून देवघरातली घंटी वाजली... अगदी बारीक.

मी घण कसा उचलला, आठवत नाही. सिमेंटचा माल अजून ओला होता, दोन घावांत ब्लॉक आत पडले. आई कॉटवर बसली होती. पातळ घामानं चिंब, दोन्ही तळहात सुजलेले आणि त्यांना सिमेंट लागलेलं. तांब्याभर पाणी प्यायली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "झालं का रं तुमचं बांधून?"

पुढचं तिच्याच शब्दांत सांगतो.

"सकाळधरनं हितंच बसलोय की मी. थोरला आला, दार उघडलं, माझ्याकडं बघितलं आन् लावून घेटलं. वाटलं, रागात हाय. मग तू आलास. माझ्या तोंडावर बॅटरी मारलीस. म्या म्हटलं, बारक्या, डोळं दिपत्यात रं. तर म्हणालास, रिकामंच हाय, घे बंद करून."

"आई, हाका तरी मारायच्यास!"

"घसा बसला माझा. हात आपटून आपटून दमलो. तुमी च्या पिलासा, हसलासा, समदं ऐकू येत हुतं मला. माझंच कुणाला ऐकू जाईना. मग दिवा इझला."

दादा लहान पोरासारखा रडला. त्यानंही सकाळी दार उघडून नीट बघितलं होतं, कॉट रिकामी होती. मारुतीनं देवाची शपथ घेतली, "आत कोण न्हवतं, मालक." आम्ही दुपारभर त्याच भिंतीजवळ बसलो होतो. कुणालाही एक थाप ऐकू आली नाही.

आईला तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले, माणूस घाईत असला की समोरचंही दिसत नाही. कॉटखाली असेल, असंही कोणी म्हणालं. कॉटखाली ट्रंक आहे, तिथं मांजरसुद्धा मावत नाही. बरं, माझे डोळे चुकले म्हणू. पण मोबाईलला कसली घाई? फोटोत कॉट रिकामी आहे. मी तो मोठा करून करून बघितलाय, दादाला दाखवलाय. एकदा धीर करून आईलाही दाखवला. तिनं चष्मा लावला आणि कॉटवर बोट ठेवलं. "ह्यो काय मी. बसलोय की."

मी फोन खिशात घातला.

आता दोन्ही दारं उघडी आहेत. माझा जिना बाहेरून काढला, दादानं कपाटं हलवली, आणि आम्ही बोलतो. पण आई त्या खोलीत पाऊल टाकत नाही. देव माझ्या किचनमध्ये आणले. ती दिवसभर बोळाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसते, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत. हे काय होतं, याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर सांगा, खरंच सांगा.

मी कामावर निघालो की ती रोज विचारते, "बारक्या, दिसतो न्हवं मी?"

"दिसतीस की," मी म्हणतो. पण ते म्हणायच्या आधी गाडी थांबवून, मान वळवून, नीट बघून घेतो.