मागून रंगवलेल्या पाट्या

विद्यापीठाशेजारच्या बागेतल्या मावशींनी वनस्पतिशास्त्राची अख्खी तुकडी एका फटक्यात नापास केली, असं आमच्या गल्लीत अजून सांगतात. का, तर म्हणे त्या तुकडीचे सर एकदा त्यांना सगळ्यांसमोर "ए बाई, पाइप बाजूला घे" म्हणाले. तो अपमान मावशींनी महिनोन्‌महिने पोटात ठेवला आणि मग झाडांच्या नावांच्या पाट्या मुद्दाम उलटसुलट लावून सूड उगवला. इस्त्रीवाला हे सांगताना आवाज खाली आणतो आणि आकडा वर नेतो. सुरुवातीला नापास बारा होते. परवा ऐकलं तेव्हा बेचाळीस झाले होते.

खरं म्हणजे नापास कोणीच झालं नाही. आणि सूड उगवायला माणसाच्या अंगात थोडी तरी धमक लागते. मावशी म्हणजे फोन वाजला की आधी दोन पावलं मागे सरणारी बाई. कुरिअरवाला "सही करा" म्हणाला की यांच्या हाताला घाम. पाल, शिट्टी, शिक्का, बंद पाकीट आणि "जरा इकडे या" हे तीन शब्द, यातलं काहीही पुढ्यात आलं की त्या आधी झाडामागे जातात. पाट्या उलटसुलट झाल्या हे मात्र खरं. पण त्या रागाने नाही झाल्या, घाबरून झाल्या.

बाग तशी कोणाच्या डोळ्यांत भरणारी नाही. विद्यापीठाच्या मागच्या कुंपणाला चिकटून एक लांबट पट्टा, मधोमध गुडघाभर पाण्याचं तळं, नऊ बाकं, त्यातलं एक बारा महिने ओलं. दुपारी इतकं शांत असतं की पलीकडच्या वर्गात फळ्यावर खडू करकरला तर इकडे दात शिवशिवतात. मावशी तिथे एकोणीस वर्षं माळीकाम करतात, रोजंदारीवर. फाटकाजवळच्या एका खोलीत थोरल्या बहिणीबरोबर राहतात. ती अक्का, दिवसभर सदऱ्यांना काजं-बटणं करणारी. खोली नोकरीबरोबर मिळालेली, म्हणजे नोकरी गेली की दोघींचा संसार फुटपाथवर. एकच वाक्य मावशी न घाबरता बोलतात, तेही तीस पावलांवरून: "पानाला हात लावायचा नाऽऽही!" फाटकावरच्या फळ्यावर तसं लिहिलेलंच आहे, म्हणून त्यांना जोर येतो.

त्रेसष्ट झाडं आणि त्रेसष्ट पत्र्याच्या पाट्या. पाटीवर झाडाचं शास्त्रीय नाव, तेही परक्या लिपीत, मावशींना न वाचता येणाऱ्या. गेल्या साली बागेच्या साहेबांनी हुकूम सोडला की सगळ्या पाट्या उतरवून रंगवून घ्या. साहेब प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरतात, जणू आत कोणीतरी खुर्ची सरकवतंय. "ह्हर्रम! मावशी, अदलाबदल झाली तर जबाबदारी तुमची."

जबाबदारी म्हटल्यावर मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्यांनी डोकं लढवलं. प्रत्येक खोडावर खडूने एक आकडा टाकला, तोच आकडा त्या झाडाच्या पाटीमागे. चूक होणं शक्यच नव्हतं. रंगारी मात्र मनाने मोठा निघाला. कोणी न सांगता त्याने पाट्यांची मागची बाजूही रंगवून टाकली. "मावशी, दहा वर्षं गंज बघायला नको!" असं म्हणून तो हसत निघून गेला आणि मावशी त्रेसष्ट हिरव्यागार, बिनआकड्याच्या पाट्यांसमोर मटकन खाली बसल्या.

तरी एकोणीस वर्षं ओल्या फडक्याने पुसलेल्या पाट्या होत्या त्या. अक्षर येत नसलं तरी चेहरे ओळखीचे. ही सुरुवातीला दोन डोंगर असलेली, ही शेवटी शेपूट खाली सोडलेली, ही मधे दोन वाटोळी भोकं असलेली. एकसष्ट पाट्या अशा बिनचूक लागल्या. राहिल्या दोन. दोन्ही सारख्याच लांब, दोन्हींची सुरुवात सारखी. झाडंही उरली ती तळ्याकाठची जोडी, शेजारी शेजारी उभी, पानं दिसायला तशीच. मावशी त्यांना जावा म्हणतात, थोरली आणि धाकटी. कोणाला विचारावं, तर चूक झाली हे कबूल करणं आलं. तेवढ्यात लांबून "ह्हर्रम! झालं का?" ऐकू आलं. "झालं, झालं!" म्हणत मावशींनी हाताला येईल ती पाटी थोरलीला ठोकली आणि उरलेली धाकटीला.

आठ महिने काही झालं नाही. भीती होती, पण ती रोजची, डब्यासारखी बरोबर नेण्याची.

मग एका दुपारी ओल्या बाकाशेजारच्या बाकावर दोन विद्यार्थिनी पाठ करत होत्या. एकीने धाकटीची पाटी वाचली, वहीत बघितलं आणि डोळे मिटून म्हटलं, "पान तोडलं की पांढरा चीक येतो, पान तोडलं की पांढरा चीक येतो." मावशींच्या हातातला पाइप सुटला. धाकटीला चीक? एकोणीस वर्षं धाकटीच्या फांद्या छाटल्या, कात्री कोरडी ठणठणीत. चिकाने कात्री बरबटते ती थोरलीला छाटताना, रॉकेल लावून पुसावी लागते. म्हणजे पाट्या उलट्या. आणि मुलं तशीच शिकतायत.

त्याच संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. "जरा इकडे या." मावशी आधी दोन पावलं मागे सरल्या, मग गेल्या.

"ह्हर्रम! सोमवारी तुमचा कायम करण्याचा कागद माझ्या सहीने वर जाणार. एकोणीस वर्षांनी! आणि सोमवारीच विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा आपल्या बागेत. बाहेरून परीक्षक बाई येणार. पाट्यांवर गोणपाट बांधायचं, मुलं झाडं ओळखणार. सोमवारपर्यंत माझ्या कानावर एक तक्रार येता कामा नये. आली, तर कागद खणात."

मावशी घरी आल्या त्या पांढऱ्याफटक. अक्काने दोरा दाताने तोडत विचारलं, "कोण मेलं?"

"अजून कोणी नाही," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या शिडी घेऊन जावांपाशी गेल्या. पाट्या गुपचूप बदलाव्यात, हा विचार. अर्ध्या शिडीवर असतानाच लक्षात आलं की पाट्या बदलून उपयोग काय? मुलांनी तर जागेवरून पाठ केलंय, तळ्याकडून पहिलं झाड, दुसरं झाड. वरून गोणपाट बांधणार, मुलं चुकणार ती चुकणारच. आणि खालून "ह्हर्रम! शिडी कशाला?" आलं. "मुंग्या," मावशी म्हणाल्या, आणि नसलेल्या मुंग्या पाव तास झटकत राहिल्या.

एकच मार्ग होता. आधी बोललं तर तक्रार साहेबांच्या कानावर जाणार, म्हणून सोमवारी अगदी परीक्षेच्या तोंडावर सरांना सांगायचं, म्हणजे ते ती दोन झाडं वगळतील. आता सर म्हणजे कपाळावर चष्मा आणि तोंडात सदानकदा "काय? कळलं? नाही कळलं!" स्वतःच विचारायचं, स्वतःच निकाल लावायचा. या माणसापुढे बोलायचं म्हणजे तालीम हवी. मी बागेसमोरच राहते आणि सरांचा आवाज मला बरा जमतो. म्हणून मावशींनी मला खोलीत बोलावलं.

"मैने, तू सर हो."

मी अक्काचा चष्मा कपाळावर चढवला. "काय? बोला बाई! कळलं? नाही कळलं!"

"सर," मावशी म्हणाल्या आणि गप्प झाल्या. ओठ हलले, आवाज नाही. सात वेळा केलं. सातही वेळा गाडी "सर"वर अडली. आठव्यांदा त्या भिंतीला टेकल्या आणि रडायलाच लागल्या.

"अगं, ही पोरगी आहे, सर नाहीत!" अक्का ओरडली.

"मग आवाज का तसाच काढते मेली!"

मी म्हटलं, "मावशी, पैज. तुम्ही 'सर'च्या पुढे एक शब्दसुद्धा काढू शकणार नाही." हे मी हसत म्हटलं. मावशी हसल्या नाहीत.

सोमवार उजाडला. मावशींनी त्रेसष्ट पाट्यांना गोणपाट बांधलं, धाकटीची गाठ तीनदा सुटली. साहेब नवा शर्ट घालून आले. त्यांच्या काखेतल्या फाइलीत तो कागद होता, मावशींना त्याची कड दिसत होती. परीक्षक बाई बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या. सरांचा आवाज त्यांच्यापुढे निम्मा झाला होता. "काय? तळ्यापासून सुरुवात करायची का, मॅडम? कळलं, कळलं."

म्हणजे पहिलीच थोरली आणि धाकटी. मावशी छाटायची कात्री छातीशी धरून उभ्या होत्या.

पहिली आली ती तीच डोळे मिटून पाठ करणारी मुलगी. धाकटीकडे बोट करून तिने नाव सांगितलं. सर खूश.

"खूण काय?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"पान तोडलं की पांढरा चीक येतो, मॅडम."

"तोडून दाखव."

मुलगी गोंधळली. तिने फाटकाकडे पाहिलं. "मॅडम, इथे पानं तोडायला बंदी आहे."

"हो, बंदी आहे मॅडम," सर घाईघाईने म्हणाले. "ह्या मावशी फार ओरडतात."

सगळे मावशींकडे वळले. मावशींचं तोंड उघडलं. "सर," त्या म्हणाल्या. आणि संपलं. मी ओल्या बाकावर बसून एक, दोन, तीन मोजलं. चौथ्या आकड्याला मावशी पुढे झाल्या, धाकटीची डहाळी कात्रीत धरली आणि स्वतःच्या बागेत, स्वतःच्या फळ्यासमोर कचकन तोडली. कोरडी. मग थोरलीची तोडली. पांढरा चीक टपकन सरांच्या बुटावर.

परीक्षक बाईंनी एका झाडावरून दुसऱ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. "पाट्या उलट्या आहेत. सर, तुम्ही वर्षभर इथे शिकवलंत. एकदाही पान तोडून पाहिलं नाहीत?"

"मॅडम, माझा विषय शेवाळ," सर म्हणाले. आता कपाळावर त्यांनाही घाम होता. "आणि बंदी होती."

"ही दोन झाडं परीक्षेतून काढून टाका. मुलांचा यात काय दोष? बाकीची एकसष्ट पुरेत."

इथे सगळं मिटलं असतं. मुलं वाचली होती. मावशींनी तोंडातून एकच शब्द काढला होता, कोणी त्यांना काही विचारलं नव्हतं. पण साहेबांना घसा आठवला. "ह्हर्रम! हे त्या रंगाऱ्याचं काम! आजपासून त्याचं काम बंद. पुन्हा या बागेत पाऊल ठेवता कामा नये."

मावशींनी फाइलीची कड पाहिली. कात्री दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्या पार हिरव्या पडल्या होत्या, पाट्यांसारख्या.

"मी," त्या म्हणाल्या.

"काय मी?"

"मी लावल्या. त्याने फक्त रंगवल्या."

साहेबांनी फाइल मिटली. त्या सोमवारी कागद खणात गेला. पुढचे चार सोमवार मावशी भल्या पहाटे उठून पाणी घालत, मग खोलीच्या उंबऱ्यावर बसून कचेरीच्या दाराकडे बघत. अक्काने बोचकी बांधायला घेतली, मग सोडली, मग पुन्हा बांधली. पाचव्या सोमवारी "जरा इकडे या" आलं. मावशी आत गेल्या त्या परत येऊ की नाही अशा चेहऱ्याने.

साहेबांनी खाकरलं नाही, म्हणून त्या जास्तच घाबरल्या. "त्या परीक्षक बाई पुढच्या सालीही येणार आहेत," साहेब हळूच म्हणाले. "त्यांनी परत काही तोडायला सांगितलं तर? तुम्ही हव्यात इथे. मी नाही उभा राहणार एकटा. इथे सही करा."

सही इतकी थरथरली की साहेबांनी दुसरा कागद काढला.

आता राहिली पैज. "मी लावल्या" हे साहेबांना उद्देशून होतं, सरांना नाही, असा वाद मी घालून पाहिला. मावशी म्हणाल्या, "सर तिथेच उभे होते की. बुटाला चीक लागलेले." अक्काने निकाल त्यांच्या बाजूने दिला. शिक्षा अशी ठरली: आठ दिवस रोज थोरलीला आणि धाकटीला मी पाणी घालायचं, आणि तेवढे दिवस तोंडातून दुसऱ्या कोणाचा आवाज काढायचा नाही.

तिसऱ्या दिवशी मी पाइप धरून उभी असताना सर पलीकडून आले, थोरलीपासून चांगले चार हात लांबून वळसा घालून. म्हणाले, "काय? पाणी? कळलं!" त्यांचाच आवाज माझ्या तोंडात अगदी जिभेवर आला होता. पण तीस पावलांवर मावशी उभ्या होत्या, ऐकायला कानामागे हात धरून.

"नमस्कार, सर," मी माझ्या आवाजात म्हटलं.