मोज्यांचा बाजारभाव

आमच्या ह्यांना सगळं शहर लगाममास्तर म्हणतं. मास्तर ते कधीच नव्हते. लग्नाच्या आधीपासून फुटबॉल क्लबचे हिशेबनीस आहेत. पण मोठ्या क्लबांच्या खर्चाला लगाम घातलाच पाहिजे, हे भेटेल त्याला ऐकवत सुटायचे, म्हणून पावाच्या दुकानदाराने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. माझ्या भावाच्या लग्नात त्यांनी नवरीच्या मामाला कोपऱ्यात गाठून समजावलं की राजधानीच्या बड्या क्लबचा मालक एका खेळाडूवर जेवढं ओततो, तेवढ्यात आमचा अख्खा क्लब वर्ष काढतो. मामांना फुटबॉलमधला फ माहीत नव्हता. बिचारे हातात ताट धरून उभे होते आणि मी लांबून डोळे वटारत होते, पण ह्यांचं लक्ष असेल तर शपथ.

आमचा क्लब म्हणजे पहिल्या श्रेणीतला सगळ्यात लहान. मैदान दोन गल्ल्यांच्या मध्ये दाबून बसवलेलं. एका बाजूच्या पायऱ्या शाळेच्या भिंतीला टेकलेल्या, त्यामुळे चेंडू जरा उंच गेला की थेट मुख्याध्यापिकेच्या खोलीत. त्या श्रेणीत आम्ही कसे पोचलो हे आम्हालाच नीट कळलं नाही. टिकून राहताना मात्र दरवर्षी नाकी नऊ येतात.

आणि त्या क्लबचे कपडे धुवायचं काम आमच्या घरी. का, तर सासूबाई धुवायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला आधी स्वयंपाकघर दाखवलं, मग मागची खोली. तिथे दोन मशिनं, भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या. म्हणाल्या, आता हे सगळं तुझं. मला वाटलं घराबद्दल बोलताहेत. मी हसून मान हलवली आणि तिथेच फसले.

जर्सी उलटी करून धुवायची, नाहीतर पाठीवरचा आकडा सोलून निघतो. पांढऱ्या चड्ड्यांवरचे गवताचे डाग आधी हाताने घासायचे. गोलकीपरचे हातमोजे मशिनमध्ये टाकायचे नाहीत, त्यांचा रबर जातो. पण सगळ्यात डोक्याला ताप म्हणजे मोजे. ही मंडळी मोज्यांवरून घोट्याला चिकटपट्टी गुंडाळतात आणि सामना झाला की मोजे पट्टीसकट तसेच काढून, गोळा करून पिशवीत फेकतात. ती पट्टी कात्रीने कापा, चिखलाचा गोळा उलगडा, आत हात घाला. कोट्यवधी चाहते असतील फुटबॉलचे जगात, एकाने तरी येऊन त्या मोज्यात हात घालून दाखवावा. मी मोजे उलटे करताना त्या अकराच्या अकरा जणांचा उद्धार करत असते, आणि शेजारच्या खोलीत बसून हे गेली कित्येक वर्षं तो ऐकत आलेत.

ह्याचे पैसे कधी मिळाले नाहीत. मी मागितले नाहीत हे खरं, पण कोणी विचारलंही नाही. हंगाम संपल्यावर जेवण असतं, त्यात अध्यक्ष उभे राहून सगळ्यांचे आभार मानतात. खेळाडू, प्रशिक्षक, मैदानाचा माळी, चेंडू परत देतात म्हणून त्या मुख्याध्यापिकासुद्धा. माझ्यापर्यंत यायच्या आत लोक जेवायला उठलेले असतात.

तर ह्यांचा लगाम एकदाचा आला. लीगने नियम केला की प्रत्येक क्लबने आपल्या कमाईच्या ठरावीक वाट्यापुरताच खर्च करायचा, त्यापुढे गेलात तर गुण कापणार. त्या दिवशी हे घरी आले ते तरंगतच. मी भाजी चिरत होते. मी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की कमाईचा वाटा म्हणजे ज्याची कमाई मोठी त्याचा वाटाही मोठाच ना. राजधानीचा तो बडा क्लब काल आपल्या दसपट खर्च करत होता, उद्याही करणार. फक्त आता शिक्का मारून करणार. आणि आपल्याकडे कोणी भला माणूस दोन पैसे लावायला आला, तर त्याला नाही म्हणायचं. ह्यात लहानाचं भलं ते काय झालं?

हे चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. मला घेऊन बसले आणि शेजारच्या शहराच्या क्लबचं सांगितलं. तिथल्या अध्यक्षाने बड्यांची बरोबरी करायच्या नादात घर, दुकान सगळं घातलं, खेळाडू आणले, दोन हंगाम मिरवला आणि क्लब बुडाला. आज त्या मैदानावर फर्निचरचं गोदाम आहे. हे म्हणाले की लगामाने आपण जिंकणार नाही, पण निदान आपल्या मैदानाचं गोदाम होणार नाही. खरं सांगायचं तर ते मला पटलं, आणि ह्यांचं काही पटलं की माझं डोकं आणखी फिरतं.

पुढच्याच वर्षी बड्या क्लबाने आपला गाड्या लावायचा तळ आपल्याच मालकाच्या दुसऱ्या कंपनीला विकला. अवाच्या सवा किमतीला. ती किंमत कमाईत दाखवली, कमाई वाढली, वाटा वाढला आणि त्यातून एक नवा स्ट्रायकर आला. लीगने कागद तपासले आणि सगळं नियमात आहे म्हणून सांगितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे मात्र शांतपणे म्हणाले की पळवाट बुजवायला वेळ लागतो. तिकडे लोक ट्रकभर माल पळवताहेत आणि आमचे हे कडीकोयंड्याचं कौतुक करताहेत. हात टेकले मी.

त्यानंतर वसंतात, हंगामाचे शेवटचे काही सामने उरले असताना, मी पाव आणायला गेले होते. दुकानदाराने पाव कागदात गुंडाळता गुंडाळता सांगितलं, "वहिनी, तुमच्या मोज्यांनी बुडवलं हो आपल्याला."

मला वाटलं नेहमीसारखी चेष्टा करतोय. पण रांगेतलं कोणी हसेना. एक बाई तर माझ्याकडे बघून तोंड फिरवून उभी राहिली. मग त्यानेच सांगितलं. आमच्या क्लबने खर्चाची मर्यादा ओलांडली, थोडीशीच, पण ओलांडली, म्हणून लीगने सहा गुण कापले. गुणतक्त्यात आम्ही तळाला गेलो. म्हणजे खालची श्रेणी ठरलेली. आणि मर्यादा ओलांडली ती धुलाईच्या खर्चाने. मी म्हटलं, कसली धुलाई, आणि कसला खर्च? मला तर आजवर एक छदाम मिळालेला नाही.

तशीच पाव न घेता घरी आले. हे टेबलाशी बसले होते, तोंड उतरलेलं. मी उभ्या उभ्याच विचारलं.

मग कळलं की नियमात एक कलम आहे. क्लबच्या जवळच्या माणसाने एखादं काम फुकट करून दिलं, तरी ते बाजारभावाने खर्चात धरायचं. कलम केलं बड्या मालकांसाठी, त्यांनी आपल्या मेहुण्याच्या कंपनीकडून खेळाडूंचे पगार परस्पर देऊ नयेत म्हणून. त्या मेहुण्यांपैकी कोणी सापडलं नाही. सापडले कोण, तर मी आणि माझी दोन मशिनं. कारण सगळ्या लीगमध्ये एकच हरिश्चंद्र, आणि तो माझ्या घरात. त्यांनी शहरातल्या धुलाई केंद्रात जाऊन भाव विचारला, मोज्यांचा वेगळा, जर्सींचा वेगळा, आणि वर्षभराची धुलाई माझ्या नावावर लिहून लीगला पाठवून दिली. मर्यादा जेमतेम पुरत होती. मोज्यांनी ती फुटली.

मी म्हटलं, अहो, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात माणसं, पण तुम्ही सगळ्या शहराच्या पायावर पाडलात. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी घरावर कोणीतरी चिखल फेकून गेलं, तोही मलाच पुसायला लागला.

क्लबने अपील केलं. क्लबच्या खर्चाने मिळालेल्या गाडी-ड्रायव्हरसकट अध्यक्ष वकीलबाईंना घेऊन आमच्या घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आले. वकीलबाईंनी मार्ग काढला होता. कोणी केवळ आवडीने, स्वखुशीने काम करत असेल, तर ते खर्चात धरत नाहीत, असं त्याच कलमाच्या पोटात लिहिलेलं होतं. मी सुनावणीत तेवढं सांगायचं, की मला ह्या कामाची आवड आहे. लीगने मानलं तर गुण परत. अध्यक्ष म्हणाले की आता सगळं तुमच्या हातात आहे, वहिनी. मी हातांकडे पाहिलं. साबणाने सालपटं निघालेली.

ते गेल्यावर मी ह्यांना धारेवर धरलं. ही सूट तुम्हाला माहीत नव्हती? म्हणाले, माहीत होती. मग आधीच का नाही लिहिलंत की आवडीने करते म्हणून? सगळा तमाशा टळला असता.

"अगं, आवड?" ते म्हणाले. "मी शेजारच्या खोलीत बसून ऐकतो ना रोज. खोटं कसं लिहू?"

मग ते खाली बघत बोलले की आई धुवायची तेव्हाही कुठे लिहिलं गेलं नाही. तू धुतेस तेही नाही. एका कलमाने लिहायची सोय झाली, तर मी लिहिलं. मला तोंडाने बोलायला जमत नाही, तेवढंच जमतं.

मला रडूही आलं आणि त्यांचं डोकं भिंतीवर आपटावंसंही वाटलं. एवढं मनात होतं तर मला एकदा, चहा पिताना, दोन शब्द सांगायचे. ते राहिलं बाजूला, ह्या माणसाने लीगला कळवलं. मी विचारलं, आता मी काय सांगू तिथे? म्हणाले, काम तुझं, उत्तर तुझं. मी त्यात पडणार नाही.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल, तीन माणसं, पाण्याच्या बाटल्या. मधल्या गृहस्थांनी अदबीने विचारलं की हे काम आपण आवडीने करता का. हे माझ्या मागे बसले होते. मला ते गोदाम आठवत होतं, आणि पावाच्या रांगेतली ती बाई. खालच्या श्रेणीत गेलो की तिकिटं खपत नाहीत, मग माळी जातो, मग दार बंद व्हायला कितीसा वेळ. मी म्हटलं, "हो. फार आवड आहे मला."

गृहस्थांचा चेहरा खुलला. अशा निरपेक्ष प्रेमावरच हा खेळ उभा आहे, असं काहीसं ते बोलले. माझ्याकडून कागदावर सही घेतली. त्याच आठवड्यात गुण परत मिळाले. ह्यांनी माझ्या नावापुढचा आकडा स्वतःच्या हाताने खोडला आणि तिथे शून्य लिहिलं. लिहिताना मी पाहत होते. एवढा मोठा माणूस, पण ओठ घट्ट आवळून बसला होता. लहान क्लब वाचला खरा, पण मी शून्य झाले तेव्हा वाचला. न्याय म्हणतात तो हाच असेल, तर मला तो धुऊनसुद्धा नकोय.

आम्ही श्रेणी राखली. शेवटच्या सामन्यानंतर अध्यक्ष स्वतः मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन दारात आले. सोबत फुलं. म्हणाले की वहिनी, तुमच्या प्रेमाने क्लब वाचला, आणि पिशवी उंबऱ्याच्या आत सरकवली.

मी ती पायाने परत बाहेर सरकवली. त्यांना शांतपणे सांगितलं की मी सही करून दिलंय, हे मी आवडीने करत होते. बंधन नाही, पगार नाही, नुसती आवड. "तर आता ती संपली."

अध्यक्षांना आधी हसू आलं, मग ते गेलं. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत ह्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले की मास्तर, जरा समजवा हिला. हे उठून दाराशी आले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.

"धुलाई केंद्राला उद्याच सांगतो," ते म्हणाले. "बिल पूर्ण धरावं लागेल. मर्यादेत जागा करायची तर पुढच्या वर्षी तुमची गाडी आणि ड्रायव्हर कमी करावे लागतील, साहेब. दुसरीकडे कुठे जागाच नाही."