वायर काढल्यावर आलेलं उत्तर

इथले भुताखेतांचे अनुभव मी डबा खाताना वाचते आणि बहुतेक वेळा हसते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. मी याद्या करणारी बाई आहे. गॅस, विजेचं बिल, ऑफिसमधलं प्रत्येक काम... सगळ्याची यादी. नियम एकच - नुसतं विचारून कळलं तर पेन्सिलची टिक, डोळ्यांनी पाहिलं तरच शाईची.

जळगावला एका खासगी माती-पाणी तपासणी लॅबचं ऑफिस मी सांभाळते. आमचं सॉफ्टवेअर इतकं जुनं की नव्या विंडोजवर चालत नाही. म्हणून नव्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनेच तयार केलेला एक जुना कॉम्प्युटर आहे - व्हर्च्युअल मशीन. ते बसवलं नानांनी. नाना धुळ्याचे, वय सत्तावन्न, कॉन्ट्रॅक्टवर. आठवड्यातून दोनदा एसटीने यायचे.

गेल्या वर्षी पाणी विभागासाठी त्या मशीनची कॉपी मी स्वतः केली. पायऱ्या नानांच्या, यादी माझी. दुसऱ्या दिवसापासून नेटवर्क सारखं तुटायला लागलं. चोपड्याचे केळीवाले रिपोर्टसाठी यायचे आणि बाकावर बसून राहायचे.

"ताई, कॉपीचा हार्डवेअर नंबर बदलला का?" नानांनी विचारलं. "दोन्ही मशीनचा एकच राहिला तर नेटवर्कवर भांडत बसतील. सहावी ओळ बघा."

"टिक आहे ना."

"टिक नका बघू. मशीन बघा."

सगळा स्टाफ ऐकत होता. मला झोंबलं. "नाना, शाईची टिक आहे ही," मी म्हणाले.

कॉपीचा पासवर्ड फक्त माझ्याकडे होता. त्यांनी मागितला. मी "उद्या देते" म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी मालकांना रिपोर्ट दिला - दोष नानांच्या सेटिंगमध्ये आहे. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट गेलं. पुढे पाण्याचं काम बाहेर द्यायला लागलो, कॉपी मी डिलीट केली, आणि नेटवर्क सुरळीत झालं. नाना गेले म्हणून झालं, असं सगळ्यांनी धरलं. मीही. नंतर दोन लॅबवाल्यांनी नानांबद्दल फोनवर विचारलं, तेव्हा मी तेच सांगितलं.

यंदा एका शनिवारी दुपारी साडेबाराला व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क पुन्हा गेलं. यादी काढली. मशीनचं नेटवर्क कार्ड सेटिंगमधून बंद, वाय-फाय बंद, मागची वायर काढून हातात. आता पिंग करायचं, म्हणजे एकेका पत्त्याला हाक मारून बघायचं. उत्तर येताच कामा नये. राउटर - नाही. प्रिंटर - नाही. शेवटची ओळ काट मारलेली होती, शेवटी २६ असलेला पत्ता, डिलीट केलेल्या कॉपीचा. सवयीने तोही टाइप केला.

चार उत्तरं आली. एकाखाली एक.

आमचे शिपाई आबा चहा घेऊन मागे उभे होते. मी "लागलं की नेट!" म्हणाले, तसे ते हसले. "ताई, वायर ते तुमना हातमा शे!"

होती. हातातच होती.

या मशीनचा स्वतःचा पत्ता तपासला - २४. मग २६ समोर कुठला हार्डवेअर नंबर दिसतो ते पाहिलं. या मशीनचाच होता तो, शेवटच्या अक्षरापर्यंत. पुन्हा पिंग केलं... काही नाही. त्यानंतर कधीच नाही.

कपाटातून जुनी बॅकअप डिस्क काढली. कॉपीच्या सेटिंगची फाइल तिच्यात होती. नंबर तोच. सहावी पायरी मी केलीच नव्हती. त्या दिवशी घरी जायची घाई होती, पाच ते नऊ टिका एका दमात मारल्या होत्या. पेन हातात होतं म्हणून शाईच्या.

शनिवारचा बिघाड म्हणाल तर भिंतीतल्या सॉकेटचा होता. दहा मिनिटांचं काम.

सोमवारी मालकांना लेखी दिलं की चूक माझी. त्या दोन लॅबना फोन केले. पुढच्या रविवारी त्या पत्राची प्रत घेऊन धुळ्याला, देवपूरला, नानांच्या घरी गेले. त्यांनी उभ्यानेच ते वाचलं.

"प्रत्येक ओळ बघून लिहिली ना ताई?"

"बघून."

"कसं काय सापडलं?"

सगळं सांगितलं. वायर, चार उत्तरं, आबा. ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले.

"म्हणजे वायर काढलेल्या मशीनवर विश्वास बसला तुमचा," ते म्हणाले. "मी तर समोर उभा राहून सांगत होतो."

आतून वहिनींनी विचारलं, चहा ठेवू का. नानांनी पत्राची घडी घातली. मी "नको, बस आहे" म्हणाले. बस सव्वा तासाने होती. ती वेळ मी स्टँडवर बसून काढली.

नाना परत आलेले नाहीत. मालकांनी दोनदा बोलावलं. ती चार उत्तरं कुठून आली, हे नव्या सिस्टिमवाल्याला विचारलं. त्याला सांगता आलं नाही, मलाही येत नाही. यादीत २६ची ती ओळ अजून आहे. तिच्यासमोर पेन्सिलचीसुद्धा टिक नाही.