तपासल्याशिवाय पास नाही

काकांनी कशावरही एकदम विश्वास ठेवला नाही. नारळ कानाशी हलवून झाला तरी दुकानातच फोडायला लावायचे. बंगळुरातल्या येलहंक्याचा आमचा नारळवाला हात जोडून म्हणायचा, "सार, स्वल्प नंबी." जरा विश्वास ठेवा, एवढंच त्याचं मागणं. माझंही तेच होतं. लग्न होऊन पुण्याहून मी त्यांच्या शेजारी राहायला आले, तेव्हा पहिल्याच सणाला दिलेली पुरणपोळी त्यांनी खिडकीच्या उजेडात धरून बघितली होती. मला राग आला होता, आणि तो बरेच दिवस पुरला.

सरकारी कारखान्यात ते जन्मभर इन्स्पेक्शनला. "तपासल्याशिवाय पास नाही," हे त्यांचं पालुपद. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, तपासणी सुटली नाही. "लग्नाआधी मलाही दोनदा बघून गेले होते," असं काकू सांगायच्या, आणि काका ते नाकारत नसत.

मग एक दिवस बाजारातून येताना त्यांनी आपलीच इमारत ओळखली नाही. वॉचमनने हाताला धरून आणलं, तर गेट कुणी बदललं म्हणून त्याच्यावरच डाफरले. तपासण्या झाल्या, स्मरणशक्तीचा आजार निघाला आणि गोळी सुरू झाली. त्या दिवसांत ते मला म्हणाले, "विसरेन तर विसरेन. पण हातावर कोण काय ठेवतंय, ते मला कळलं पाहिजे गं."

डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही, उतरण जरा सावकाश होईल, तेही झालं तर. नाडी बघत डोस हळूहळू वाढवायचा आणि न विचारता काही बदलायचं नाही. काकांना बाई आवडल्या. माल देताना त्याची उणीव सांगणारा माणूस बरा, असं त्यांचं मत. तरीही गोळीवरचा संशय काही जाईना. काकू रोज गोळ्यांची पट्टी पुढे धरत. काका चष्मा लावून नाव वाचत, मुदत वाचत, मगच गोळी तोंडात.

ती पोटात जात होती की नाही, हे मात्र आम्हाला उशिरा कळलं. काही आठवडे घ्यायची, काही आठवडे जिभेखाली लपवून बेसिनमध्ये थुंकायची, असा त्यांनी परस्पर घाट घातला होता. फरक दिसेना म्हणून बाईंनी डोस वाढवला. थुंकण्याचे आठवडे नुकतेच संपलेले. काकांनी तो वाढीव डोस एकदम घ्यायला सुरुवात केली आणि लिफ्टसमोर चक्कर येऊन पडले. नाडी फारच मंद झाली होती.

बाईंनी विचारल्यावर त्यांनी लपवलं नाही. तुलना केल्याशिवाय कसं कळणार, असं उलट त्यांनाच विचारलं. बाई रागावल्या नाहीत. कारखान्यात ज्याने भाग बनवला त्यालाच तुम्ही तो पास करू देत होता का, एवढंच त्यांनी विचारलं.  घरी येताना टॅक्सीत काका म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे. तपासणी वेगळ्या माणसाकडेच पाहिजे." छोट्या डोसपासून पुन्हा सुरुवात झाली. गोळी आता खरंच पोटात जात होती, पण पट्टी वाचणं चालूच. त्या वाचण्यावर आम्हा दोघींचा जीव होता. काका वाचतायत तोवर काका आहेत, असं काकू म्हणत.

दोनेक वर्षं अशी बरी गेली. मग एका संध्याकाळी काकू बहिणीकडे अडकल्या आणि गोळी द्यायला मी गेले. सवयीने पट्टी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही, नुसतं तोंड उघडलं.

"काका, वाचा ना," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघून छान हसले. "तुम्ही देताय ना? मग चांगलीच असेल."

मला ते कधी 'तुम्ही' म्हणाले नव्हते. आणि असंच काही त्यांच्या तोंडून ऐकायला मिळालं नाही, म्हणून तर मी एके काळी त्यांच्यावर रुसले होते. मला रडू आवरेना.

मग त्यांचाच चष्मा मी डोळ्यांवर चढवला, पट्टी उजेडात धरली, नाव वाचलं, मुदत वाचली, दोन्ही मोठ्याने. आणि मगच गोळी त्यांच्या हातावर ठेवली.