लाल शाईची प्रत

म्हातारा गेला तेव्हा मला वाईट वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. ज्ञानकोशाच्या कचेरीत आम्ही त्याला लालशाई म्हणायचो. वीस खंड छापून झाले, बाकीचे संपादक पांगले, हा मात्र तिसऱ्या मजल्यावर खंडांची एक प्रत घेऊन एकतीस वर्षं चुका शोधत बसला. समासात लाल शाईनं दुरुस्ती, शेजारी तारीख, आधार कुठे मिळाला त्याची बारीक नोंद. दुसऱ्या आवृत्तीत सगळं जाईल, या आशेवर. दुसरी आवृत्ती काही निघाली नाही.

मग सगळा कोश सीडीवर आणायचं ठरलं आणि माझी नेमणूक झाली. पहिल्याच आठवड्यात लालशाईनं माझी टाइप केलेली पानं हातात घेऊन मला सगळ्यांसमोर उभं केलं आणि माझ्या बावीस चुका मलाच मोठ्यानं वाचायला लावल्या. "यंत्रबाई, ही बोटं आहेत की लाकडं?" सगळे खो खो हसले. तो पाणउतारा मी अजून विसरलेले नाही.

काम असं होतं. खंडाची शिवण कापायची, सुटी पानं स्कॅनरमध्ये घालायची. छापील मजकूर यंत्र ओळखणार, समासातल्या दुरुस्त्या आम्ही पडद्यावर बघून टाइप करायच्या. म्हणून तर लालशाईचीच प्रत घेतली. ती देताना त्यानं एक पान उघडून दाखवलं. एका खाणीत पाणी घुसल्याची नोंद. छापलं होतं, 'जीवितहानी झाली नाही.' त्यावर लाल काट आणि समासात, 'सतरा कामगार बुडाले', खाली खाणीच्या हजेरीपटाचा आधार.

"त्या सतरांत माझे वडील आहेत," तो म्हणाला. "हे चुकवलंस तर बाकीचं सगळं जाळून टाक."

आणि निघून गेला. यंत्राच्या खोलीत पाय ठेवणार नाही म्हणे. नुसता ताठा!

दुसऱ्याच दिवशी माझ्या लक्षात आलं. स्कॅनरचा दिवा लाल होता, त्याला लाल शाई दिसतच नव्हती. पडद्यावर समास कोरे. मी व्यवस्थापकाला सांगितलं.

"पानं किती स्वच्छ आलीत! मुदत तोंडावर आलीय, चालू द्या," तो म्हणाला.

लालशाईची खोली दोन जिने वर होती. मी गेले नाही. बसू दे बोंबलत, असंच वाटलं मला, खोटं कशाला बोलू? कापलेली पानं दर शनिवारी रद्दीत जायची. गठ्ठे मीच सुतळीनं बांधायचे.

सीडी निघाली त्या दिवशी तो पहिल्यांदाच आमच्या खोलीत आला, आईचा हात धरून. पंचाऐंशीची बाई, डोळे गेलेले.

"खाणीची नोंद काढ," तो म्हणाला.

काढली. जीवितहानी झाली नाही.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. एका आकड्यासाठी आकाशपाताळ एक करणारा तो माणूस पडद्याकडे वळला आणि वाचू लागला, "सतरा कामगार बुडाले." मग सतराही नावं घेतली, तोंडपाठ. वडिलांचं तिसरं होतं.

"हा माझं मन राखायला काहीही वाचेल," म्हातारी म्हणाली. "पोरी, तू सांग. लिहिलंय ना?"

"लिहिलंय, आजी."

आईला बाहेरच्या बाकावर बसवून तो परत आला. "तुला ठाऊक होतं?"

"हो, सर."

"पानं कुठेत?"

"रद्दीत गेली."

त्यानंतर त्यानं पेन उचललं नाही. निवृत्त होईपर्यंत तीन वर्षं रोज यायचा, आता जिन्यालगत असलेल्या माझ्या टेबलाजवळून जायचा आणि मी म्हणजे भिंत असल्यासारखा पुढे जायचा. मीही मान वर करत नव्हते. मला काय गरज पडली होती?

आता सीडी कुणी विचारत नाही, पण तिच्यातला मजकूर इंटरनेटवर जिथेतिथे उतरवलाय. दर काही महिन्यांनी मी तिथे 'सतरा कामगार बुडाले' असं लिहिते. आठवड्याच्या आत कुणीतरी पुसतं आणि खाली विचारतं, आधार काय? हजेरीपट कुठल्या दप्तरात आहे, हे त्या समासात लिहिलेलं होतं. म्हाताऱ्याला तर ते पाठच असणार. तीन वर्षं तो रोज माझ्यासमोरून गेला, आणि मी त्याला विचारलं नाही.