अण्णांबरोबर घाटाघाटानं

नदीकाठच्या जलपर्णीचा कुजका वास आला, की अजूनही मला एका जागी बसवत नाही. त्या दिवशी नांदेडला माझे थोरले भाऊ, अण्णा, मला सकाळपासून घाटामागून घाट चालवत होते आणि माझी लातूरची गाडी चुकत आली होती.

"अजून किती?"

"हितंच हाय की. लातुरात कोण वाट पाहून राहिलंय तुझी?"

मला वाटलं, उगाच वेळ काढतायत. ते धीर गोळा करत होते, हे आता कळतं. दुपार कलल्यावर ते पायरीवर टेकले आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "डाक्टरनं हैदराबादला बोलावलंय. येशील का संगं?"

"बघू," म्हणत मी घड्याळ पाहिलं.

आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'. अण्णांनी पुन्हा विचारलं नाही. हैदराबादला ते एकटेच गेले. शववाहिकेतून परत आणायला मात्र मी लगेच निघालो.