कोंढ्याचं शेंदरी पातं

लोक समुद्र बघायला जातात, डोंगर चढायला जातात. ऐंशीच्या दशकात मी कोंढ्याला गेलो, तेही गोल आऱ्याची पाती बघायला. नागपूरच्या एका पाती विकणाऱ्या कंपनीत मी तपासनीस होतो. लाकडातलं मला काही कळत नव्हतं, पण अक्षर चांगलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी सांगितलं, "आरामशीनवर जा, आपण दिलेली पाती तपासा, फॉर्म भरून आणा."

सकाळच्या एसटीने भंडारा गाठलं. स्टँडवर आलूबोंडा खाल्ला, तिखट असा की डोळ्यांतून पाणी आलं. तिथून पवनीची गाडी पकडायची, कोंढा वाटेतच लागतं. तुम्ही जाणार असाल तर मागच्या चाकावरची सीट घेऊ नका. त्या रस्त्याने माझ्या मणक्यांची जी तपासणी केली, तशी मी आयुष्यात एकाही पात्याची केली नाही. बाहेर मात्र धान पिवळं पडायला लागलं होतं आणि मधूनच तलाव चमकून जायचे. मी नुसता बघत राहिलो.

आरामशीनचे मालक वासुदेवशेठ दारातच उभे होते. त्यांनी आधी जेवायला बसवलं. लाखोरीच्या डाळीचं वरण, भात, वर मिरचीचा ठेचा. तुडुंब जेवून मी कामाला लागलो. दसऱ्याला पूजलेलं मोठं पातं भिंतीला टेकवून ठेवलं होतं, दात्यांच्या खाचांत तेलात कालवलेला शेंदूर थापलेला. पूजेनंतरचा सागाचा पहिला लठ्ठा, म्हणजे ओंडका, त्यावरच चिरायचा, ही त्यांची वडिलांपासूनची रीत होती.

मी रुमाल काढला तसे शेठ आडवे आले. "पूजेच्या पात्याले पुसाचं नाही साहेब, अपशकुन होते."

फॉर्ममध्ये चौदा रकाने होते. व्यास, जाडी, दात्यांची संख्या, अगदी पिण्याच्या पाण्याची सोयसुद्धा. 'तडा' या रकान्यापुढे मी लिहिलं, 'दिसला नाही.' खोटं नव्हतंच ते. शेंदराखाली दिसणार काय? खाली झोकात सही केली. शेठ खूश झाले, चहा आला.

कोपऱ्यात डोमाजी मिस्त्री कानशीने दुसऱ्या पात्याला धार लावत बसले होते. उद्या त्या शेंदरी पात्यासमोर लठ्ठा धरून तेच उभे राहणार होते.

"साहेब," ते म्हणाले, "तुमी पाहून राहिले, पण आयकून नाही राहिले."

त्यांनी हातातल्या पात्याच्या भोकात सळई घातली, तिची टोकं दोन लाकडी घोडींवर ठेवून ते अधांतरी टांगलं आणि कानशीच्या मुठीने हळूच वाजवलं. टणण् आवाज कितीतरी वेळ घुमत राहिला. मग शेंदरी पातं टांगून वाजवलं. भद्द! बाजारात बाया फुटकं मडकं वाजवून परत ठेवतात ना, तसा.

"डोमाजी, काहून कटकट करून राहिला?" शेठ चिडले. "साहेबानं पास केलं ना?"

डोमाजींनी उजवा हात पुढे केला. दोन बोटं नव्हती. "हेही पास झालेल्याच पात्यानं नेले, शेठ."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मला लाज वाटली, आणि भीतीही. शेठकडे न बघता मी शेंदूर पुसायला घेतला. रॉकेल मागवून खाचा धुतल्या, कोरड्या केल्या. डोमाजींनी वर खडूची पूड चोळली. थोड्या वेळाने आत मुरलेलं रॉकेल वर आलं आणि एका दात्याच्या मुळापासून आत जाणारी, बोटभर लांब काळी रेघ पांढऱ्या पुडीत उमटली.

शेठनी पात्याला हात जोडले. "देवानंच वाचवलं," म्हणाले. डोमाजी परत कानस घेऊन बसले. मी फॉर्म फाडून दुसरा लिहिला.

परतीच्या गाडीत पुन्हा मागच्या चाकावरचीच सीट मिळाली, पण या खेपेला तक्रार केली नाही. घरी बायकोने शेंदरी रुमाल बघून विचारलं, "कोणत्या देवाला जाऊन आलात?" रुमालाचा डाग काही निघाला नाही. अजूनही मी कढई घेताना दुकानात टिचकी मारून कान लावतो, मुलं ओशाळतात.

फॉर्मवर मी शेरा लिहिला होता, 'नापास. डोमाजी मिस्त्रींनी आवाजावरून तडा ओळखला.' आठवड्याने ऑफिसातून फॉर्म परत आला, वर लाल शाईत लिहिलेलं: 'आवाजासाठी रकाना नाही. डोमाजी कोण? हुद्दा कळवावा.'

फॉर्मच्या तळाशी 'तपासनीस' असं छापलेलं होतं आणि त्यावर माझी सही होती. सही खोडली आणि तिथे सुवाच्य अक्षरात डोमाजींचं नाव लिहिलं.